पाच अक्षरांचा डायरेक्टर

वणी दिंडोरी तालुक्यात आहे आणि डायरेक्टर वणीत आहे. तसा तो एकट्या वणीचा नव्हे. पिंपळगाव, कळवण, सटाणा, जिथे जिथे एखाद्या तरुणाने १९८५ च्या सुमारास हप्त्याने व्हीसीआर घेतला, तिथे तिथे हा प्राणी आढळतो. वय साठीला टेकलेलं, केस रंगवलेले, शर्टाच्या खिशाला पेनाच्या जागी टेस्टर आणि चालताना मध्येच थांबून दोन्ही हातांच्या अंगठ्या-बोटांची चौकट करून त्यातून समोरच्या म्हशीकडे बघायची सवय. आजवर याने एकही चित्रपट काढलेला नाही. तरी पासबुकावरचं त्याचं नाव गावात कुणाला आठवत नाही; पोस्टमनसुद्धा बाहेरून 'ओ डायरेक्टर' अशीच हाळी देतो.

वणीचा असल्यामुळे या डायरेक्टरला एक जादा दुःख आहे. सगळा महाराष्ट्र 'वणीला जाऊन आलो' म्हणतो आणि जातो सप्तशृंगीच्या गडावर. गड आहे नांदुरीच्या डोक्यावर, कळवण तालुक्यात. साडेतीन पीठांतलं ते अर्धं पीठ. अठरा हातांची देवी, चैत्रात आणि नवरात्रात खानदेशातून पायी येणारी माणसं, आणि २०१८ पासून पायऱ्या नको असणाऱ्यांसाठी फ्युनिक्युलर ट्रॉली. या सगळ्यात खुद्द वणी गावाच्या वाट्याला येतो तो भाविकाचा चहा आणि पंक्चर. गावात जगदंबेचं देऊळ आहे, नवरात्रात तिथेही गर्दी होते, पण बाहेरगावच्या माणसाला 'वणीची देवी' म्हटलं की गडच दिसतो. डायरेक्टर याला म्हणतो, "टायटल आपलं, पिक्चर कळवणवाल्यांचं."

त्याची स्वतःची देवता मात्र गडावर नाही. ती मुंबईत राहते आणि तिचं नाव महेश कोठारे.

गावात तसे तीन पक्ष आहेत. ज्येष्ठांचा दादा कोंडके पक्ष, सुशिक्षितांचा सचिन पिळगावकर पक्ष (यांना 'अशी ही बनवाबनवी' पाठ असते आणि ती ते न विचारता म्हणून दाखवतात), आणि डायरेक्टर ज्याचा अध्यक्ष, खजिनदार आणि बहुतेक वेळा एकमेव सभासद आहे तो कोठारे पक्ष. सचिनवाले म्हणतात, आमचाही माणूस बालकलाकार होता, दिग्दर्शक झाला, पुढे 'तू तू मैं मैं' करून टीव्हीही गाजवला. तुमच्याकडे वेगळं काय आहे? डायरेक्टर शांतपणे म्हणतो, "तुमच्याकडे वकील आहे का?"

हा वकील त्याचा हुकमाचा पत्ता. कोठारेंनी लहानपणी 'छोटा जवान' केला, १९६८ साली 'राजा और रंक'मध्ये राजपुत्र आणि भिकारी असं दुहेरी काम केलं, मग मोठे होऊन कायदा शिकले, वकिलीही केली आणि त्यानंतर १९८५ मध्ये 'धुमधडाका' काढला. डायरेक्टरच्या मते यातली वकिलीच महत्त्वाची. कारण 'धुमधडाका'ची गोष्ट मूळ तमिळ. श्रीधर यांनी १९६४ मध्ये 'काधलिक्क नेरमिल्लै' काढला, त्यांनीच १९६६ मध्ये त्याचा हिंदीत 'प्यार किये जा' केला, आणि वीस वर्षांनी ती गोष्ट मराठीत येऊन अशी काही नांदली, की शरद तळवलकरांचे धनाजीराव वाकडे हे आपल्याच तालुक्यातले बागाईतदार वाटावेत. "परक्याची जमीन सातबाऱ्यावर कशी चढवायची, ते वकिलालाच जमतं," असं डायरेक्टर म्हणतो आणि हे तो कौतुकाने म्हणतो. अशोक सराफांचा तो खोकत बोलणारा यदुनाथ जवळकर त्याला इतका आवडतो, की त्याच्या वडिलांना खरा दमा होता तेव्हा घरातले लोक औषध आणायला उशीर करायचे. हा नक्कल करतोय की म्हातारा खोकतोय ते कळायचं नाही.

आता त्याचा सिद्धांत. तो एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही, म्हणून ज्यांना झोप प्यारी आहे त्यांनी हा परिच्छेद सोडावा. धुमधडाका. दे दणादण. थरथराट. धडाकेबाज. झपाटलेला. माझा छकुला. खतरनाक. पछाडलेला. खबरदार. बोटांवर मोजा, प्रत्येकात पाच अक्षरं. एका हाताची बोटं संपली की चित्रपटाचं नाव संपतं. डायरेक्टर हे लग्नाच्या पंगतीत, मयताच्या ओट्यावर आणि एस.टी.च्या रांगेत सिद्ध करून दाखवतो. "आणि 'डायरेक्टर'? मोजा." पाचच भरतात. कुणी खवचटाने १९९२ चा 'जिवलगा' काढला, की तो म्हणतो, त्यातलं पाचवं अक्षर मनात म्हणायचं असतं. 'लो मैं आ गया' या हिंदी चित्रपटातही पाच अक्षरं आहेत आणि तो तर पडला, असं म्हटलं, की तो तुमच्याकडे कीव आल्यासारखं बघतो: "ती हिंदी अक्षरं आहेत. त्यांना आपल्याकडे चलन नाही." मुलाचं लग्न ठरलं तेव्हा त्याने पत्रिका बघितली नाही. मुलाच्या नावात तीन अक्षरं, मुलीच्या नावात दोन, एवढं बघून होकार दिला. संसार उत्तम चाललाय, हे इथे नाइलाजाने नोंदवावं लागतं.

त्याची पडद्यावरची कारकीर्द सुरू झाली ती घराच्या पडवीत. खिडक्यांना गोणपाट, मध्ये रंगीत टीव्ही, वर व्हीसीआर, त्यावर देवीचा फोटो, आणि खाली सतरंजीवर निम्मं गाव. एकदा करमणूक कराचा एक साहेब जीप घेऊन धाड टाकायला आला. हवालदाराला आत पाठवलं. आत 'दे दणादण' चालू होता. त्यात लक्ष्मीकांत बेर्डे हवालदार आहे, त्याला अचाट शक्ती मिळते, आणि लाल रंग दिसला की ती जाते. आपल्याच खात्यातल्या, आपल्याच हुद्द्याच्या माणसाने एवढे पराक्रम केलेले त्या हवालदाराने जन्मात पाहिले नव्हते. तो सतरंजीवर बसला. साहेब जीपमध्ये बसून राहिले. चित्रपट संपल्यावर हवालदार बाहेर आला आणि म्हणाला, आत काहीही आक्षेपार्ह नाही, उलट पोलिसांविषयी आदर वाढतो. हा प्रसंग डायरेक्टर सांगतो त्यामुळे खरा असेलच असं नाही. पण त्याला त्यातून सुचलेला मुद्दा बिनतोड आहे: शेंदूर, कुंकू, चुनऱ्या, ओट्या, झेंडे, इतका लाल रंग असलेल्या वणीत तो लक्ष्या बदली होऊन आला असता, तर पाच मिनिटंही टिकला नसता.

'धडाकेबाज' १९९० चा, मराठीतला पहिला सिनेमास्कोप. कोठारेंनी पडदा रुंद केला आणि डायरेक्टरचा टीव्ही होता चौकोनी. रुंद चित्र चौकोनात बसवायचं तर दोन्ही बाजू कापाव्या लागतात, म्हणून वणीकरांनी कवट्या महाकाळ कित्येक दिवस निम्माच पाहिला. निम्माही पुरेसा होता. सोसायटीच्या वसुलीला येणाऱ्या माणसाला गावाने तेच नाव दिलं आणि पुढे तो बदलून गेला तरी नाव खुर्चीला चिकटून राहिलं.

मग १९९३ आलं आणि गावातल्या तात्यांचे हाल सुरू झाले. त्याआधी तात्या म्हणजे घरातला कर्ता माणूस. धोतर, टोपी, बागेत औषध मारायचा पंप. 'झपाटलेला'तला तात्या विंचू आला, आणि तात्यांनी पोराला नुसतं "इकडे ये" म्हटलं तरी पोरगं किंचाळायला लागलं. चार-दोन तात्यांनी स्वतःला आप्पा म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला, पण या वयात नाव बदललं की रेशनकार्डाचा घोळ होतो. कल्पना अमेरिकेतली, तिकडे १९८८ मध्ये 'चाइल्ड्स प्ले'मध्ये खुन्याचा आत्मा बाहुल्यात शिरला होता. पण इथे त्या बाहुल्याला रामदास पाध्ये यांनी घडवलं, दिलीप प्रभावळकरांनी तात्या विंचू रंगवला, आणि तो असा काही मराठी झाला की डायरेक्टर शपथेवर सांगतो, हा विंचू मूळचा निफाड तालुक्यातल्या विंचूरचा. पुरावा? "आडनावावरूनच कळतं."

इथवर हे नुसतं वेड आहे. पण या माणसाच्या डोक्यात एक शहाणी गोष्टही आहे आणि मला ती एरवी कुणा समीक्षकाच्या लेखात फारशी भेटलेली नाही. तो म्हणतो, या सगळ्या चित्रपटांत हशा कुणाला? लक्ष्याला. अशोकमामांना. प्रेमा किरणच्या अंबाक्काला. खलनायकालासुद्धा. टकलू हैवान, कवट्या, तात्या, लोक त्यांची नावं तीस-तीस वर्षं घेतात. आणि मालक काय करतात? स्वतः कथा घोळवायची, स्वतः पैसे उभे करायचे, स्वतः दिग्दर्शन करायचं आणि पडद्यावर मात्र इन्स्पेक्टर महेश होऊन तोंड गंभीर करून उभं राहायचं. दुसरा कुणी असता तर सगळे विनोद स्वतःला ठेवून मित्राला पोलीस केलं असतं. यांनी वाट्याला एकच वाक्य घेतलं, 'डॅम इट', आणि तेही रागाचं. पुढे २०२३ मध्ये आत्मचरित्र आलं, त्याचंही नाव 'डॅम इट आणि बरंच काही'. "सगळं ताट वाढून स्वतः फक्त मीठ घेतलेला माणूस," असं डायरेक्टर म्हणतो आणि त्याच्या सगळ्या बोलण्यात एवढं एकच वाक्य तो हळू आवाजात म्हणतो.

तो स्वतःही हसत नाही. लग्नात तर मुळीच नाही. व्हीसीआरचा धंदा बसल्यावर त्याने खांद्यावर व्हीएचएसचा कॅमेरा घेतला, पुढे हॅलोजन धरायला एक भाचा आणि मागे वायर आवरायला दुसरा. त्या काळात नवरा-नवरी गुलाबात, बदामात आणि ताजमहालापुढे दाखवायची पद्धत होती. याने लग्नाला पटकथा दिली. नवरीची एन्ट्री जिन्यावरून. खलनायक म्हणून मुलाचा रुसलेला काका; त्याच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा आदळणार, प्रत्येक वेळी 'ढॅण्ण'. वऱ्हाडाची बस पिंपळनारेला बंद पडली तर ती पाठलागाच्या संगीतावर. विहीणबाई मांडवात शिरल्या की मागे 'झपाटलेला'चं पार्श्वसंगीत. एका घरात यावरून पैसे बुडाले, एका घरात कॅसेट अंगणात फेकली गेली. आता तीच माणसं त्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायला येतात. मागच्या वर्षी एकांनी बसून सगळी बघितली. रुसलेले काका वारले त्याला बरीच वर्षं झाली. मरेपर्यंत ते सांगत होते की मी त्या लग्नात पाण्याचा थेंब घेतला नाही. कॅसेटमध्ये ते मांडवामागे, पानात चौथी जिलेबी घेताना स्पष्ट दिसतात. घरचे इतके हसले, इतके हसले, की बुडालेले पैसे देऊन गेले.

कोठारेंनी मधल्या काळात हिंदी करून पाहिलं. 'माझा छकुला'चा हिंदी 'मासूम' १९९६ मध्ये आला, त्यातलं लहान मुलाचं गाणं अजून शाळांच्या गॅदरिंगमध्ये नाचवतात. 'धडाकेबाज'चा हिंदी अवतार चालला नाही. ते परत मराठीत आले, 'पछाडलेला'पासून नव्या पोरांना घेऊन पुन्हा उभे राहिले. डिसेंबर २००४ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले, तेव्हा डायरेक्टरने दुकान बंद ठेवलं आणि सुतक पाळलं. बायकोने विचारलं, कोण लागायचे आपले? तो म्हणाला, "भाडेकरू. आपल्या टीव्हीत राहायचे." २०१३ साली 'झपाटलेला २' थ्रीडीत आला, तेव्हा तो नाशकात जाऊन बघून आला. परतीच्या एस.टी.त गप्प होता. शेवटी दिंडोरी सोडल्यावर म्हणाला, "थ्रीडीमुळे खोली आली. पण खोलीत लक्ष्या नाही."

आणि मग २०१४ मध्ये त्या बाहुलीवाल्या, कवटीवाल्या, धुमधडाकेवाल्या माणसाने 'जय मल्हार' आणली. सचिनवाल्यांना वाटलं, आता कोठारे पक्ष फुटणार. विनोदी सिनेमेवाला देवाच्या मालिका काढतो म्हणजे काय? डायरेक्टरने आधी बोटं मोजली: ज-य-म-ल्हा-र. पाच. २०१७ मध्ये 'विठू माऊली' आली: पुन्हा पाच. तो निश्चिंत झाला. "भूत बाहुलीत शिरलं काय आणि देव टीव्हीत शिरला काय, मागे निळा पडदा तोच," हे त्याचं मत. तीन वर्षं रोज संध्याकाळी गावातल्या बायका म्हाळसेच्या आणि बानूच्या अशा दोन पार्ट्यांत वाटल्या गेल्या. एका वाड्यात तर जावाजावांनी त्यावरून चूल वेगळी केली असं बोललं गेलं, पण ती चूल त्याआधीच वेगळी होती.

त्या लाटेत डायरेक्टरने आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम हाती घेतलं: सप्तशृंगीची मालिका. नाव कितीही जुळवलं तरी चारच अक्षरं भरत होती, हा अपशकुन त्याने दुर्लक्षिला. द्राक्षाचा हंगाम संपल्यावर एका बागाईतदाराची पॅकिंग शेड रिकामी मिळाली. महिषासुर म्हणून एक भरदार मेहुणा होता. अडचण अठरा हातांची. व्हीएफएक्सला पैसे नव्हते, भाच्या-पुतण्या नऊ होत्या. नऊ दुणे अठरा. सगळ्यांत धाकटी पुढे, बाकी आठ उंचीप्रमाणे एकीमागे एक, आणि सगळ्यांनी हात बाहेर काढायचे. हातांत आयुधं: त्रिशूळ खरा, तलवार पुठ्ठ्याची, गदा म्हणून बागेतली छाटणीची कात्री लपवलेला डबा. कॅमेरा समोर लागला. दृश्य, खरं सांगतो, अंगावर काटा आणणारं होतं. फक्त एका हातात घड्याळ राहिलं होतं. ते काढलं. मग तिसऱ्या आणि सहाव्या हाताचं भांडण लागलं, कारण चक्र कुणाकडे ते ठरलं नव्हतं. ते मिटलं. महिषासुराने आरोळी ठोकली, देवीने डोळे वटारले, आणि नेमक्या त्या क्षणी मागून सातवी शिंकली. शेडमध्ये बेदाण्याच्या गंधकाचा वास राहिलेला, त्याला कोण काय करणार? एक शिंकली, मग सगळ्या शिंकल्या. अठरा हात अठरा दिशांना गेले, त्रिशूळ महिषासुराच्या पायावर पडला आणि असुर शास्त्रात सांगितल्यापेक्षा बराच आधी लोळला. सगळी शेड हसून आडवी झाली. डायरेक्टर तेवढा कॅमेऱ्यामागे उभा होता, तोंड गंभीर, इन्स्पेक्टरच्या पोझमध्ये. तो म्हणाला, "डॅम इट." मालिका तिथेच थांबली. ती शिंक मात्र पोरींनी मोबाइलवर टाकली आणि ती गुजरातेतल्या नातेवाइकांपर्यंत पोचली.

आता तो काय करतो? केबल त्याने केली, सेटटॉप बॉक्स आल्यावर सोडली. यात्रेत देवीच्या गाण्यांच्या सीडी विकल्या. प्री-वेडिंगवाली पोरं ड्रोन घेऊन गडाच्या रस्त्यावर फिरायला लागल्यावर लग्नंही सुटली. सध्या तो द्राक्षबागा, कांद्याच्या चाळी आणि दुकानांमध्ये सीसीटीव्ही बसवतो. धंदा बरा आहे. व्यापारी मालाचे पैसे न देता रातोरात पसार झाला, की शेतकरी आधी त्याच्याकडे येतात, कारण गाडी किती वाजता कोणत्या फाट्याकडे वळली ते याच्या कॅमेऱ्यात असतं. लोकांना याचं हसू येतं: सिनेमाचा डायरेक्टर शेवटी सीसीटीव्हीवर आला. मला येत नाही. सतरंजी, कॅसेट, केबल, सीडी, मोबाइल, खांबावरचा कॅमेरा. प्रेक्षक जिथे सरकला तिथे हा आपलं बिऱ्हाड घेऊन गेला. तंबूतल्या पडद्यापासून थ्रीडीपर्यंत आणि तिथून रात्रीच्या मालिकेपर्यंत त्याच्या देवतेने तरी दुसरं काय केलं? 'सुख म्हणजे नक्की काय असतं' ही कोठारेंची मालिका २०२० पासून २०२४ पर्यंत चालली. तिच्या नावात बारा अक्षरं आहेत. हे मी एकदा निदर्शनाला आणलं तेव्हा डायरेक्टरने विचार केला आणि म्हणाला, "पाच आणि पाच दहा. वरची दोन जीएसटी."

नाशिक जिल्ह्याने सिनेमाला दादासाहेब फाळके दिले, त्र्यंबकेश्वरचे. त्यांनीही 'मोहिनी भस्मासुर'सोबत १९१४ मध्ये 'पिठाचे पंजे' नावाची छोटी विनोदी फिल्म दाखवली होती. म्हणजे पुराणाला विनोदाची जोड आपल्या जिल्ह्यात जुनीच आहे. हे डायरेक्टरला सांगू नका, तो शेडची किल्ली पुन्हा मागायला जाईल. बाकी वणीत कधी उतरलात, तर गडावर जायच्या आधी बाजारपेठेत त्याचं दुकान विचारा, कुणीही दाखवेल. चहा तो पाजतो. घाई असेल तर मात्र आपलं नाव सांगू नका. त्यात पाच अक्षरं निघाली तर संध्याकाळची ट्रॉली चुकते.